उघडता येणारी खुर्ची : प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२४, रविवार

जुन्या बाजारातून खुर्ची आणली. पुण्याच्या मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पावसाळ्यात दुकानं कमी लागतात, पण गिऱ्हाईकही कमी असतं आणि भाव बरा मिळतो. एका ताडपत्रीखाली लोखंडी पंख्यांच्या ढिगामागे ही उभी होती. हात असलेली, पाठ किंचित कललेली, अंगभर चॉकलेटी ऑइलपेंट, बैठकीवर आणि पाठीवर मरून रेक्झिन, तेही दोन कोपऱ्यांत फाटलेलं. उचलली तर चांगलीच जड. पायाच्या तळाशी रंग झिजला होता तिथे नखाने खरवडलं आणि हुंगून पाहिलं. सागाचा तो तेलकट, चामड्याच्या जवळ जाणारा वास आला. अठराशे सांगितले, बाराशेला दिली. रिक्षाचे दीडशे.

आईने दारातच विचारलं, "अगं, हे काय उचलून आणलंस?"

तिच्यासाठीच आणली आहे. दोन वर्षांपासून तिचे गुडघे दुखतात. सोफ्यात ती बसते, पण फोम इतका खाली जातो की उठताना मला हाक मारावी लागते. कुणाला हाक न मारता उठता येईल अशी खुर्ची तिला हवी. बाजारात नव्या खुर्च्या पाहिल्या, पण तिच्या मापाची एकही नव्हती.

१७ जुलै, बुधवार

मोहरमची सुट्टी. आषाढीही आजच, म्हणून आईचा उपास. साबुदाणा भिजत घातल्यावर मापं घेतली. पाय जमिनीवर टेकवून बसली की तिच्या गुडघ्याच्या मागच्या खाचेपासून जमीन १६ इंचांवर येते. तिच्या फिजिओथेरपिस्टबाई म्हणाल्या होत्या की बैठक त्याहून इंच-दीड इंच उंच हवी, म्हणजे उठताना गुडघ्यांवर कमी भार येतो. म्हणजे बसल्यावर दबलेली गादी धरून साडेसतरा. खुर्चीची चौकट साडेचौदाला आहे. भरण दाबून दीड इंच राहील असं धरलं तरी सोळाच होतात. दीड इंच कुठून तरी आणायचा आहे.

गादी जाड करून उंची वाढवता येईल, पण मग खुर्चीचे हात बैठकीच्या मानाने खाली जातात, आणि उठताना तिचा सगळा भर हातांवरच असतो. तेव्हा पायांनाच खालून तुकडे जोडायचे. बैठक पुढून मागे १९ इंच खोल आहे, ती तिला जास्त पडते. पाठीचं भरण अडीच इंच केलं की साडेसोळा उरतात, तेवढ्यात बरोबर बसेल.

दुपारी रेक्झिन काढायला घेतलं. स्टेपल पिना निघेनात, गंजून मध्येच तुटतात आणि अर्ध्या लाकडात राहतात. पेचकस आणि पक्कड घेऊन तीन तास फक्त पिना उपटल्या. रेक्झिनखाली फोम होता, बोटाने दाबला की पिवळा भुगा. फोमखाली थेट प्लायवूडचा तुकडा, दोन इंची खिळ्यांनी ठोकलेला. तो काढला आणि जुनी खुर्ची दिसली : हिरव्या पट्ट्यांचं विरलेलं कापड, त्याखाली गोणपाट, त्याखाली काथ्या, आणि तळाला निवारीच्या पट्ट्या एकमेकींतून विणलेल्या. सगळं बारक्या चुकांनी, म्हणजे रुंद डोक्याच्या छोट्या खिळ्यांनी, बसवलेलं. चुका हातोडीच्या एका हलक्या ठोक्याने आणि पटाशीच्या टोकाने सहज निघाल्या. लाकडाला काही झालं नाही.

काथ्या फेकला नाही. झटकला, धुतला, आणि आता घरात दोरीवर टाकला आहे. पावसात वाळायला आठवडा लागेल.

२१ जुलै, रविवार

आज सांधे. खुर्ची डुगडुगत होती. उलटी करून पाहिलं तर मागच्या सांध्यांत कुणीतरी बाहेरून खिळे मारलेले. खिळ्याने सांधा घट्ट होत नाही. लाकूड फुगतं-आकसतं, खिळा तिथेच राहतो, आणि मग कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, खिळ्याच्या रेषेत चिरतं. एक कुसू तसंच चिरलं आहे. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलंय. लोखंडाचा आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा ओल्यात संबंध आला की असा डाग पडतो.

पुढच्या सांध्यांना खिळा नव्हता. तिथे मूळचा सरस, म्हणजे सुतारकामाचा जुना गोंद, होता, तपकिरी, काचेसारखा. गरम पाण्यात बुडवलेलं फडकं सांध्यावर गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवलं, पुन्हा गरम केलं, आणि रबरी हातोडीने हळूच ठोकत गेले. सांधा सुटला, आणि न मोडता सुटला. ज्या मागच्या सांध्यात नंतर कुणीतरी पांढरा गोंद ओतला होता, तो मात्र ऐकेना. तिथे पातळ पातीने एकेक पापुद्रा खरवडावा लागला.

मग एक गोष्ट दिसली आणि मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. प्रत्येक कुस्यावर आणि ते ज्या खाचेत जातं तिच्या शेजारी पटाशीने मारलेल्या बारीक रेघा आहेत. एका जोडीला एक, दुसरीला दोन, अशा सातापर्यंत. करणाऱ्या सुताराने तुकडे जुळवताना केलेल्या खुणा. बाहेरून त्या कधीच दिसणार नाहीत. मी मोबाईलवर फोटो काढून नंबर टाकत होते, ते थांबवलं. नंबर आधीच दिलेले आहेत.

२५ जुलै, गुरुवार

काम नाही. रात्रभर असा पाऊस पडला की सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. सुटे तुकडे पलंगाखालून काढून कपाटावर ठेवले.

४ ऑगस्ट, रविवार

रंग काढणं. ऑइलपेंट किती जुना ते माहीत नाही, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर शिसं नको हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवायची नाही, एवढं मी पक्कं ठरवलं होतं. आमच्याकडे भावाची चार वर्षांची मुलगी दर शनिवारी येते, आणि लहान मुलांना शिशाचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून पॉलिश पेपर बाजूला ठेवला. गच्चीच्या जिन्यातल्या उघड्या जागेत रिमूव्हर लावला, रंग फुगला की पत्र्याच्या पातीने ओला ओलाच खरवडला, आणि सगळा चोथा वर्तमानपत्रात गुंडाळून बंद पिशवीत. हातमोजे आणि मास्क पूर्ण वेळ.

रंगाखालचं लाकूड पाहून हायसं वाटलं. सोनेरी तपकिरी, रेघा सरळ, एकही गाठ नाही. मूळ पॉलिश कोणतं ते रेक्झिनखालच्या न रंगवलेल्या पट्टीवर तपासलं. स्पिरिटचा थेंब टाकला आणि मिनिटभराने बोट लावलं तर चिकट. म्हणजे चपडा, लाखेचं पॉलिश. वॉर्निश किंवा आजचं पीयू (पॉलियुरेथेन) असतं तर स्पिरिटने हललं नसतं.

खिळ्यांच्या काळ्या डागांना ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लावलं आणि दोनदा धुतलं. ते विषारी असतं, बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ती वरच्या फळीवर ठेवली. डाग पूर्ण गेले नाहीत, राखाडी झाले. चालतील.

१० ऑगस्ट, शनिवार

नाना पेठेत एक म्हातारे पॉलिशवाले बसतात, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांच्याकडे चपडा कुठला घ्यावा हे विचारायला गेले होते. खुर्चीचा एक हात पिशवीतून नेला होता. त्यांनी तो उलटा केला, नखाने ठोकला, आणि म्हणाले, "बाई, सांधा खोललात तर सरसच लावा. तो पुन्हा खुलतो." मी पॉलिशचं विचारल्यावर त्यांनी हाताने आभाळाकडे दाखवलं. "लाख आणि पाऊस जमत नाही. दसऱ्यानंतर करा."

सरस आणला. रात्री त्याचे दाणे भिजत घातले, दाण्यांच्या दुप्पट पाणी. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो, आणि आई माळकरी आहे. स्वयंपाकघरातल्या गॅसवर तो ठेवायचा प्रश्नच नव्हता. तिला आधी सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "गॅलरीत कर, आणि भांडं परत आत आणू नकोस." तसंच केलं.

११ ऑगस्ट, रविवार

गॅलरीत जुनी इंडक्शन शेगडी, पातेल्यात पाणी, पाण्यात सरसाचा डबा. पाणी साठ अंशांच्या आसपास ठेवायचं. उकळलं की सरसाची ताकद जाते. साग तेलकट असल्यामुळे जोडायच्या जागा आधी स्पिरिटने पुसल्या. चिरलेल्या कुस्यात पातळ सरस पाजून दोऱ्याने बांधलं.

सरस गार झाला की लगेच आळतो, हाताशी दोन-तीन मिनिटं मिळतात. म्हणून आधी सगळं कोरडं जुळवून पाहिलं, रेघा मोजून : एकाला एक, दोनाला दोन. मग भराभर. शिकंजे, म्हणजे लाकूड दाबून धरायचे चाप, दोनच आहेत, बाकी ठिकाणी जाड सुतळीचे दोन वेढे घालून मध्ये काठी अडकवली आणि पिळली. चौकट काटकोनात आहे का ते दोन्ही कर्ण मोजून पाहिलं. तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक होता, लांब कर्णावर सुतळी बांधून पिळल्यावर गेला.

ही जोडणी मला सगळ्या कामात जास्त आवडली. बाहेर दिसणाऱ्या पॉलिशपेक्षाही.

१८ ऑगस्ट, रविवार

पायांचे तुकडे. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून सागाचा कापून उरलेला तुकडा शंभर रुपयांत मिळाला. मागचे पाय तिरपे आहेत, म्हणून तुकडेही त्याच तिरपाव्यात कापले. दहा मिलिमीटरच्या लाकडी खुंट्या आणि सरस. स्क्रू नाहीत. उद्या कुणाला खुर्ची परत बुटकी हवी असेल तर गरम फडकं पुरेल. सागात सिलिका, म्हणजे वाळूतलं कठीण द्रव्य, असते, त्यामुळे दोन पायांतच पटाशीची धार गेली. कडप्प्याच्या ओट्यावर ठेवून पाहिली, चारी पाय टेकतात.

२५ ऑगस्ट, रविवार

चाचांचं ऐकलं नाही. गणपतीच्या आधी आई खुर्चीवर बसावी असं मनात होतं. १२०, १८० आणि २४० नंबरचा पेपर मारला, चॉक पावडरीत पिवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर गेरू घालून रेघांमधली छिद्रं भरली, आणि पातळ चपड्याचा पहिला हात दिला. हात देताना लाकूड ओल्या गुळासारखं उजळलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर पाठीच्या वरच्या पट्टीवर पांढरट धुकं. मोबाईल हवेतली आर्द्रता ८९ टक्के दाखवत होता. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि लाखेच्या थरात अडकतं. त्याचंच हे पांढरेपण.

पुसलं नाही, दुसरा हातही दिला नाही. चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवली. आता गणपती झाल्यावर.

६ ऑक्टोबर, रविवार

दुपारी कडक ऊन, आर्द्रता ५४. स्पिरिटचा जेमतेम ओलावा असलेला पॉलिशचा कापडी गोळा पांढऱ्या पट्टीवरून फिरवला, आणि धुकं डोळ्यांदेखत गेलं. थर विरघळला, पाणी सुटलं, थर पुन्हा बसला. चपड्याची हीच गोष्ट मला इतर कुठल्याही पॉलिशपेक्षा मोठी वाटते. नवा हात जुन्यात मिसळून जातो. पीयूचा नवा थर जुन्यावर फक्त बसतो, आणि बिघडला तर सगळं तासून काढावं लागतं.

चपड्याबद्दल थोडं, कारण विचारणारे फार भेटतात. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे राळ स्रवतात. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात, तोच चपडा. आपल्याकडे लाख सगळ्यात जास्त झारखंडात होते, आणि रांचीजवळ लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. मी एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ग्रॅम घेतला, रात्रभर विरघळू दिला आणि मलमलीतून गाळला. चपडा ताजा असावा. फार जुना पापुद्रा स्पिरिटमध्ये नुसता फुगतो.

गोळा म्हणजे आत कापूस, बाहेर आईच्या जुन्या सुती साडीचं फडकं. तळाला जवसाच्या तेलाचं एक बोट, म्हणजे तो चिकटत नाही. रेघांच्या दिशेने लांब हात, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की तिथे डाग. आज सहा हात झाले. तेल लागलेली फडकी चुरगळून टोपलीत टाकली नाहीत, दोरीवर पसरून वाळवली. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि ढिगात पडलेलं फडकं आपोआप पेटू शकतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी पटाशी, पक्कड, हातोडी, दाभण पाटावर मांडून आईने त्यांना हळदकुंकू वाहिलं. खुर्चीच्या पाठीला झेंडूचं एक फूल लावलं. दुपारी शेवटचे दोन हात आणि वर मेणाचा पातळ थर.

१३ ऑक्टोबर, रविवार

बैठक. जुन्या निवारीत आता दम नव्हता. बोहरी आळीतून दोन इंची तागाचा पट्टा आणला. आधी पिनांची आणि चुकांची जुनी भोकं बांबूच्या काड्या सरसात बुडवून भरली, नाहीतर नवी चूक धरत नाही. पट्टा ताणायला वेगळं हत्यार नाही, म्हणून लाकडाच्या फळीला खाच पाडून त्यात पट्टा अडकवला आणि चौकटीवर टेकवून दाबला. चार उभे, चार आडवे, एकाआड एक विणलेले. टोक दुमडून पाच चुका, पुढेमागे, एका रेषेत नाहीत, नाहीतर लाकूड त्या रेषेत फाटतं. शेवटी तळहाताने थोपटलं, ढोलकीसारखा आवाज आला. आवाज बसका आला तर पट्टा ढिला समजायचा. एक ढिला निघाला, काढून परत मारला.

पट्ट्यांवर गोणपाट, गोणपाटात दाभणाने सुतळीचे सैल फास, फासांखाली काथ्या. हाच जुना काथ्या, ऊन दिल्यावर हाताने मोकळा केलेला. नारळाचा धागा इतक्या वर्षांनंतरही दाबला की उसळतो. फोम मात्र भुगा होऊन गेला होता. कडेला काथ्या जास्त आणि घट्ट, कारण आई उठताना पुढे सरकून कडेवर बसते. कड दबली तर सगळी मापं फुकट. वर दुसरं गोणपाट, आरपार टाके.

पाठीलाही असंच, फक्त पट्टे तीन.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काथ्यावर कापसाचा थर. घरच्या जुन्या गादीतला कापूस एका गादीवाल्याकडून पिंजून आणला. लहानपणी पिंजारी धनुकली वाजवत गल्लीत यायचा, त्या आवाजाने आम्ही मुलं पळत खाली जायचो. आता मशीन आहे. कापसावर मांजरपाट ओढून बसवला, आणि आई पहिल्यांदा बसून पाहायला आली. बसली, पाय टेकले. उंची बसल्यावर साडेसतराला दोन सूत कमी. ती हातांवर भार देऊन उठली. परत बसली. परत उठली. काही बोलली नाही, पण तिसऱ्यांदाही बसली.

२० ऑक्टोबर, रविवार

वरचं कापड सोलापुरी चादरीचं. घट्ट सुताची, धुता येते, घाम शोषते, उन्हाळ्यात रेक्झिनसारखी मांडीला चिकटत नाही. नवी चादर कापायची म्हटल्यावर आईला वाईट वाटलं. "अंगावर घ्यायची वस्तू गं ती." तिच्या माहेरी लग्नाच्या आहेरात या चादरी येत. मी थांबले. मग तिनेच कपाटातून एक काढून दिली, किनारीला फाटलेली, मधली जागा चांगली. विकत आणलेली नवी चादर तिच्या पलंगावर गेली.

आधी एका कोपऱ्यापासून चुका मारत गेले, ते चुकलं. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत फुलांची ओळ दोन बोटं तिरपी झाली. सगळं उसवलं. मग चारी बाजूंच्या मधोमध एकेक चूक अर्धीच ठोकली, फूल बैठकीच्या बरोबर मध्यावर आणलं, आणि मध्यापासून कोपऱ्यांकडे गेले. हातांच्या खांबांपाशी इंग्रजी वाय अक्षरासारखा काप द्यावा लागतो. उजवीकडे काप अर्धा इंच जास्त गेला. तिथे आतून चादरीचाच तुकडा शिवून घेतला. निरखून पाहिलं तर दिसतो.

पिना मारायचं मशीन शेजाऱ्यांनी देऊ केलं होतं, तासाभरात झालं असतं. नको म्हटलं. १७ जुलैचे ते तीन तास पुढच्या माणसाला नकोत.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

मामा आले होते. आईने त्यांना ओवाळलं आणि खुर्चीवर बसवलं. मामांनी चहाचा गरम स्टीलचा पेला खुर्चीच्या हातावर ठेवला आणि गप्पांत कुणाच्या लक्षात आलं नाही. उचलल्यावर पांढरं वर्तुळ. मामा ओशाळले, आई रागावली. मी गोळा आणि स्पिरिट आणलं, चार हलके हात दिले, वर थोडा चपडा. वर्तुळ गेलं. पंधरा मिनिटांनी मामा तिथेच हात ठेवून बसले होते.

खर्च खुर्चीसकट ४,३३० रुपये. बाटलीत अजून पाव लिटर चपडा आहे, महिन्याभरात वापरायला हवा. आईच्या पायाखालचा पाट काढून पाहिला, त्यावरही तोच चॉकलेटी ऑइलपेंट आहे.